मागची सीट

पैज लागली ती माझ्याच तोंडामुळे. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात, पाण्याच्या टाकीला टेकून, आमची नेहमीची चौकडी बसली होती. मी, तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर, तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू आणि माझा मेहुणा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवणाआधी तासभर खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो, उजवा पाय समोर लांब सोडून, कारण तो पाय गुडघ्यात जेमतेम वाकतो. पोहण्याच्या तलावावर तो शिकवायला असतो, म्हणजे काठावर बसून ओरडायला असतो, आणि रविवारीसुद्धा त्याच्या गळ्यात शिट्टी असते. एकदा मी तिच्यात मिरपूड भरून ठेवली होती. त्या दिवशी तलावातली सगळी पोरं बाहेर आली, कारण सर मरतायत असं त्यांना वाटलं.

"वही कुठवर आली?" डॉक्टरने विचारलं. वही माझी. तिच्यात दोन मोटरसायकली. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरी. वजन, सीटची उंची, ब्रेक, कुठली कुठल्या वेगाला कशी थरथरते, सगळं लिहिलेलं. दोन्ही उघड्या जातीच्या, म्हणजे अंगावर प्लास्टिकचं आवरण नाही, इंजिन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हँडल रुंद, माणूस वाऱ्यात सरळ बसलेला. दरीच्या रस्त्यावर, जिथे तासभर वळणाला वळण लागून असतं, तिथे अशाच गाड्या चालवायच्या असतात. एक तीन सिलिंडरवाली, काळी, चिडकी. दुसरी दोन सिलिंडरवाली, निळसर, समजूतदार. सात महिने माझं हेच चाललं होतं आणि सगळ्या बिल्डिंगला ते पाठ झालं होतं.

"सात महिन्यांत लग्न ठरून, होऊन, मोडतं माणसाचं," डॉक्टर म्हणाला.

"मी बघून घेतो. तुमच्यासारखं नाही, हाताला लागेल ते उपटलं."

काकूंनी गालावर हात ठेवला आणि हसल्या. गेल्या वर्षी डॉक्टरने त्यांची एक दाढ काढली, दुखणं थांबलं नाही म्हणून शेजारची काढली, आणि मग म्हणाला, दोन्ही किडलेल्या होत्या. त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या तोंडून खरं काढायच्या मागे होतो.

"तुम्ही घेणारच नाही," डॉक्टर म्हणाला. "लावा पैज. पुढच्या रविवारी बारा वाजेपर्यंत दोन्हींतली एक या गेटातून आत आली नाही तर?"

आणि मला एकदम सुचलं. "हरेल त्याने तुमच्या नातीच्या तिचाकीवर बसून टाकीभोवती तीन फेऱ्या मारायच्या. डोक्यावर हेल्मेट. आणि दर फेरीला आपली एक चोरी, एक लबाडी, आजवर कुणाला न सांगितलेली, सांगायची. खरी. गेटपर्यंत ऐकू गेली पाहिजे एवढ्या मोठ्याने."

डॉक्टरचा चेहरा पडला आणि मला दाढ दिसायला लागली. "मान्य," तो म्हणाला, कारण काकू बघत होत्या. "पंच कोण?"

मेहुण्याने शिट्टी वाजवली. एक छोटी फुंक. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, कुठलीही घ्या. मागची सीट तेवढी मला बघू द्या."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण पोटात काहीतरी अर्धा इंच खाली सरकलं. लिफ्ट मजल्यावर थांबताना थोडी चुकते ना, आत बाहेर पायाखाली अर्ध्या इंचाची पायरी राहते, तसं. मी लिफ्टचाच माणूस आहे. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतो. ती अर्ध्या इंचाची पायरी लोकांना डोळ्यांनी दिसत नाही, पण पायाला कळते, आणि माणूस का दचकला ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

मला कळत होतं का दचकलो ते. सात महिन्यांपूर्वी जेवताना मी सहज बोलून गेलो की परत एक मोटरसायकल घ्यावी म्हणतो. एकवीस वर्षं मी घेतली नव्हती. का घ्यावीशी वाटली ते नक्की सांगता येणार नाही. सिग्नलला एक तीन सिलिंडरवाली शेजारी येऊन उभी राहिली होती आणि तिचा तो आवाज, घशात अडकलेल्या शिट्टीसारखा, मनगटापर्यंत आला होता, एवढंच. बायको काही बोलायच्या आत मेहुणा म्हणाला, "मग मला मागे बसवून दरीत न्याल ना? ती जागा एकदा बघायचीय. बघून काही आठवतंय का बघतो." पाणी वाढता वाढता बायको थांबली. मग तीही म्हणाली, "न्या हो त्याला एकदा. तो कधी काही मागत नाही." आणि त्याच रात्री मी वही आणली. लोकांना वाटतं मी गाड्या तोलतोय. गाड्या तोलायला सात महिने लागत नाहीत. तीन सिलिंडरवालीची मागची सीट केवढी असते माहिताय? साबणाच्या वडीएवढी. आणि मागच्या माणसाचे पाय ठेवायच्या जागा इतक्या वर की गुडघे कानाला लागतात. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याने तिच्यावर बसायचा प्रश्नच नाही. दोन सिलिंडरवालीची सीट लांब, रुंद, पाय ठेवायचे खुंट खाली. वहीत मी सगळं लिहिलं होतं. फक्त मागच्या सीटची ओळ दोन्ही पानांवर कोरी होती.

बुधवारी दुपारी कामावरून सटकून शोरूमला गेलो. तिथला विक्रेता मला आता ओळखतो. मी दिसलो की आधीच खुर्चीत बसून घेतो, दमू नये म्हणून. "आज कुठली?" म्हणाला. मी म्हटलं काळी. चावी घेऊन बाहेरच्या रस्त्यावर काढली आणि गावाबाहेर, जिथे रस्ता दगडाच्या खाणीला वळसा घालतो, तिकडे नेली. काय गाडी आहे. वळण नुसतं मनात आणायचं, ही आधीच वाकलेली. थोडी चिडकी, ॲक्सिलरेटरची मूठ सोडून परत पिळली की झटका देते, पण एकदा सूर लागला की पोटातून वर वर चढत जाते आणि आपण एकटे असतो. हेच तर तिचं. मागे कुणी नाही, मागे कुणी असूच शकत नाही. खाणीचं दुसरं वळण डावीकडे होतं, जरा जास्तच आवळलेलं, आणि मी आत गेलो तो थोडा जोरात. ब्रेक लावायला उजवा पाय दाबायचा. एवढं सरळ. जगातल्या सगळ्या गाड्यांना आता उजव्या पायाला ब्रेक आणि डाव्या पायाला गिअर असतो. पण माझा डावा पाय दाबला गेला. एकवीस वर्षांनी. पायाने मला न विचारता जुनी जागा शोधली. गाडीने खालचा गिअर घेतला, मागचं चाक हिसकलं, किंचित घसरलं, परत धरलं. काही झालं नाही. वळण पार झालं. मी कडेला थांबलो, हेल्मेट काढलं आणि खाणीतल्या पाण्याकडे बघत बसलो. हिरवं, न हलणारं पाणी. हात कापत नव्हते. पाय कापत होता, डावा, एकटाच, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्याला काहीतरी सांगायचंय.

माझी तेव्हाची गाडी माझ्या काकांची होती. जुन्या तऱ्हेची, उलटी. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. मला तिची सवय, दुसऱ्या कुणाला द्यायची म्हणजे आधी दोन दिवस रिकाम्या मैदानात फिरवायला लागायची. मेहुण्याची गाडी साधी, सगळ्यांसारखी. तो तेव्हा सव्वीसचा होता. उंचावरून पाण्यात सूर मारायचा, स्पर्धांत. दहा मीटरच्या फळीवर उलटा उभा राहायचा, हातांवर, आणि खाली सगळा तलाव श्वास धरून. आम्ही दोघं दरीत जायचो, दर दुसऱ्या रविवारी. वर अर्ध्यावर एक सपाट जागा आहे, दगडी कठडा, एक बाई कॉफी विकायची. त्या दिवशी ऊन नुकतंच समोरच्या लाल खडकावर आलं होतं. तो कागदी कप घेऊन कठड्याशी उभा होता, पाठमोरा. दोन्ही गाड्यांना चाव्या तशाच. आणि मला सुचलं. मला सुचतं तसंच, एकदम, आतून गुदगुली होऊन. मी त्याच्या गाडीवर बसलो, चालू केली, आणि ओरडलो, "पकड आता." निघालो. आरशात तो दिसला. त्याने कप कठड्यावर ठेवला, हसत होता, शिवी देत होता, आणि माझ्या काकांच्या उलट्या गाडीकडे पळत होता. पहिलं वळण गेलं. मागे तिचा धडधडणारा आवाज आला. दुसरं गेलं. मी आणखी जोरात नेली, हसू आवरत नव्हतं. तिसऱ्यावर मागचा आवाज एकदम बदलला. गडी बिचारा वळणात ब्रेक म्हणून उजवा पाय दाबणार, जन्मभर दाबला तसा, आणि ती गाडी ब्रेक लावायच्या ऐवजी वरचा गिअर घेणार आणि मोकळी पुढे सुटणार. तेच झालं. मी वळण पार करून थांबलो, परत फिरलो. कठड्याचे तीन दगड नव्हते. दरीत फार खाली नाही, बारा-पंधरा फुटांवर एक सपाट खडक होता, त्यावर तो पडला होता, आणि उजवा पाय भलतीकडे बघत होता.

शोरूमला परत गेलो तर मेहुणा तिथे. तलावाची दुपारची सुट्टी साधून आला होता. काखेत खोका. "ताई म्हणाली इथेच असाल." ताई म्हणजे माझी बायको. खोका उघडला तर हेल्मेट. नवं, राखाडी, त्याच्या मापाचं. "पंचाने तयारीत राहिलेलं बरं," म्हणाला. मग निळसर गाडीपाशी गेला, विक्रेत्याचा खांदा धरला, चांगला पाय खुंटावर ठेवला आणि वाईट पाय हाताने उचलून पलीकडे टाकला, जसा तो पलंगावर चढताना टाकतो. बसला. सीटवर हात फिरवला. "भाऊजी, या की पुढे." मी पुढे बसलो. गाडी स्टँडवर, बंद. त्याने माझ्या खांद्यांवर हात ठेवले. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, दोन टकले होत चाललेले बाप्ये, एकाच्या डोक्यावर किमतीची चिठ्ठी लोंबतेय असं हेल्मेट. "बसतंय," तो म्हणाला, माझ्या कानाशी, "अगदी बसतंय." विक्रेत्यालाही बरं वाटलं. म्हणाला, "ही एकदम आरामशीर. हिचा जोर खालूनच, कमी वेगातच मिळतो, वळणातून निघताना गिअर बदलायची घाई नाही." मी मान हलवत होतो. माझ्या खांद्यावरचे हात मोठे, गरम, पाण्याने सुरकुतलेले. त्याच हातांनी तो माझी माफी मागतो. वर्षातून एकदा तरी. ताप आला की, दोन घोट जास्त झाले की. "भाऊजी, तुमच्या काकांची गाडी मी घालवली. मला हट्टच फार होता." आणि मी म्हणतो, जाऊ दे रे, गाडी काय, गाड्या येतात.

कारण त्याला आठवतच नाही. डोक्याला मार होता. त्याचा तो दिवस कॉफीच्या कपापाशी संपतो. कप गरम होता, बोटाला चटका बसला, एवढं आठवतं. पुढचं मी सांगितलेलं.

शुक्रवारी हॉस्पिटलची लिफ्ट होती, दोन नंबरची, खाटा नेतात ती मोठी. दर तीन महिन्यांनी मीच बघतो. वरून बघायची असते, म्हणजे लिफ्टच्या डोक्यावर चढून उभं राहायचं, हातात बटणांचा डबा, आणि हळूहळू, मुंगीच्या चालीने, खालून वर जायचं. बाजूने भिंत सरकते, दोर सरकतात, तेलाचा वास, प्रत्येक मजल्यावर दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आणि लोकांच्या बोलण्याचे तुकडे. लोकांना वाटतं ब्रेक सुटला की लिफ्ट खाली पडते. कुणी विचारलं की मी डोळे मोठे करून सांगतो, हो, धाडकन. खोटं आहे. लिफ्टच्या मागे दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. आत कुणी नसेल आणि ब्रेक सुटला तर लिफ्ट खाली नाही, वर सुटते. मोकळी वर पळते आणि वर जाऊन आदळते. मागे न दिसणारं वजन तिला ओढत असतं. चौथ्या मजल्याच्या फटीशी मी डबा बंद केला आणि तसाच उभा राहिलो. हाच मजला. याच दाराबाहेर बाक होता आणि बाकावर सासूबाई, चपला न घालता घरातून आलेल्या. बायको त्यांच्या शेजारी. दोघींनी वर बघितलं. "तुमची गाडी त्याच्याकडे कशी?" सासूबाईंनी विचारलं. आणि मी, जो बिल्डिंगभर थापा मारत हिंडतो, ज्याच्या खोट्याने लोकांची हसून हसून पुरेवाट होते, त्याने सरळ चेहऱ्याने सांगितलं, "मी नको म्हणत होतो. त्यानेच हट्टाने चावी हिसकावली." तयारी केलेली नव्हती. सुचलं. गुदगुली नव्हती, पण सुचण्याची जागा तीच. सासूबाई मरेपर्यंत त्याला बोलत राहिल्या, लाडाने, रागाने, सवयीने. हट्टी मेला. आणि तो मान खाली घालून हसत राहिला. आता तलावावर नवी पोरं येतात तेव्हा तो पहिल्या दिवशी त्यांना पाय दाखवतो. मी एकदा त्याचा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा ऐकलं. "हे बघा," तो सांगत होता, "दुसऱ्याची वस्तू नको म्हटल्यावर हट्टाने घेतली की असं होतं." पोरं पायाकडे बघत होती. एकाने हात लावून बघितला. मी डबा भिंतीवर ठेवून निघून आलो. तेव्हा मला वाटलं होतं की मी घाईत आहे.

फटीतून कुणीतरी म्हणालं, "लिफ्ट बंद आहे का हो?" आणि दुसऱ्या कुणी सांगितलं, "वर माणूस काम करतोय." मी बटण दाबलं आणि वर गेलो.

शनिवारभर बायको माझ्याकडे बघत होती. संध्याकाळी कपडे घडी करताना म्हणाली, "अहो, निळी घ्या ना. त्याचा चेहरा बघितलात का बुधवारपासून? हेल्मेट घालून आरशात बघतो म्हणे." मी म्हटलं, "आणि काही आठवलं त्याला तिथे तर?" ती म्हणाली, "आठवू दे की. वाईट काय त्यात? स्वतःची चूक तर त्याला माहीतच आहे." उशीचा अभ्रा झटकला आणि घडी केली, चार कोपरे बरोबर जुळवून. मला वाटलं आता बोलावं. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "काळीचा ब्रेक जास्त चांगला आहे." ती हसली. माझ्या तोंडातून काहीही आलं की लोक हसतात. ही सोय मी स्वतःच करून ठेवलेली आहे.

रविवारी साडेदहाला शोरूमला. विक्रेत्याने दोन्ही गाड्या पुसून पुढे आणून ठेवल्या होत्या, आजचा मुहूर्त त्यालाही कळला होता. कागद तयार, फक्त गाडीचं नाव भरायचं. मी खुर्चीत बसलो. पेन हातात. काळी घेतली की झालं. मेहुण्याला सांगायचं, अरे, तुझा पाय हिच्यावर बसत नाही रे, वाईट वाटतंय, पण ब्रेक बघ काय ब्रेक आहे. तो म्हणेल, जाऊ द्या भाऊजी, आणि हेल्मेट खोक्यात ठेवेल, आणि खोका माळ्यावर जाईल. निळी घेतली की तो मागे बसेल. खांद्यावर ते हात. एक वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्याला मी पुढे बघत असेन आणि तो कठड्याकडे बघत असेल, तीन दगड नवे, रंग वेगळा. आणि तो म्हणेल, "भाऊजी, इथे काय झालं?" आणि मला परत सांगावं लागेल. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचा चेहरा दिसत नाही, मी सरळ चेहऱ्याने सांगू शकेन, आणि हे मला कळत होतं की मी सांगेन. तेच सांगेन. पेनाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता. मी काळीवर जाऊन बसलो. मग निळीवर. मग परत खुर्चीत. विक्रेता तिसऱ्यांदा कॉफी घेऊन आला, कागदी कपात, आणि मी पहिल्या दोन तशाच ठेवल्या होत्या. तिन्ही कप टेबलावर ओळीने. बोटाला चटका बसला. समोर घड्याळ होतं. सव्वाअकरा, साडेअकरा. इथून घर गाडीने पाच मिनिटं, चालत अर्धा तास. पावणेबाराला विक्रेता म्हणाला, "साहेब, नाव सांगा, मी भरतो."

मी म्हटलं, "आज नाही."

"पैज आहे ना तुमची?"

"आहे. हरतोय."

चालत निघालो. गाडीची वेळ होती, पायांची नव्हती, तरी चालतच. रस्त्यात दुकानं उघडी, काचांत मी, हातात माझं हेल्मेट, गाडी नाही. लोक बघत होते. वाटेत दोनदा वाटलं, परत जाऊन काळी उचलावी, अजून बसतंय वेळेत. दोनदा थांबलो. दोन्ही वेळा ती अर्ध्या इंचाची पायरी पायाखाली आली. मग बारा वाजून गेले आणि हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

गेटापाशी पोचलो तर सगळी बिल्डिंग खाली. डॉक्टरने तिचाकी धुऊनपुसून टाकीजवळ ठेवली होती, गुलाबी, हँडलला पिपाणीचा भोंगा. वॉचमन गेटाशी खुर्ची टाकून. काकूंनी कुठून तरी लाल कापडाची पट्टी आणून दोन खांबांना बांधली होती. माझी बायको पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. आणि मेहुणा त्याच्या खुर्चीत, पाय लांब, गळ्यात शिट्टी, मांडीवर राखाडी हेल्मेट. त्याने माझ्या मागे बघितलं, रस्त्याकडे, गाडी येते का. मग माझ्याकडे.

"बारा वाजून अठरा," डॉक्टर म्हणाला. इतका खूश मी त्याला दाढ उपटतानाही बघितला नाही. "बसा, बसा. नात म्हणाली सांभाळून चालवा, नवी आहे."

मी हेल्मेट घातलं आणि बसलो. गुडघे हनुवटीला. पायडल मारताना टाचा जमिनीला घासत होत्या. लोकांचं हसणं काचेतून लांबून येत होतं. भोंगा वाजवला, म्हणजे आणखी हसले. पहिली फेरी टाकीमागून येऊन पट्टीपाशी थांबलो, काच वर केली आणि ओरडलो, "काकू, लिफ्टमध्ये पाटी होती, लिफ्ट आता आवाजावर चालते, मजला मोठ्याने सांगा. ती मी लावली होती. कंपनीने नाही."

"मी दहा मिनिटं तिसरा तिसरा ओरडत होते," काकू म्हणाल्या. "घसा बसला मेल्या माझा."

मेहुण्याने शिट्टी वाजवली. मान्य.

दुसरी फेरी. "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातल्या टाकीतला मासा मी पेशंटसमोर काढून जिवंत खाल्ला असं तुम्हाला वाटतं. ते गाजर होतं. माशासारखं कापलेलं."

"तो पेशंट परत आलाच नाही," डॉक्टर म्हणाला, पण हसत हसत डोळे पुसत होता. "आणि खरा मासा?"

"तो तुमच्या मांजराने."

शिट्टी. मान्य. गॅलरीत बायकोही कठड्यावर वाकून हसत होती.

तिसऱ्या फेरीला टाकीमागे पोचलो तेव्हा मी कुणाला दिसत नव्हतो. टाकीची सावली, ओलं शेवाळ, एक नळ थेंब थेंब. इथे थांबता आलं असतं. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं, माझ्याकडे शंभर आहेत, मिरपुडीचंच सांगितलं असतं. पायडल मारलं. तिचाकी चरचरत बाहेर आली. पट्टीपाशी थांबलो. या वेळी हेल्मेट काढलं. सगळे आधीच हसायच्या तयारीत, तोंडं अर्धी उघडी. मी मेहुण्याकडे बघून म्हणालो, साध्या आवाजात, जेवताना बोलावं तसं, "दरीत तू चावी हिसकावली नव्हतीस. मी तुझी गाडी घेऊन पळालो होतो. गंमत म्हणून. म्हणून तू काकांची गाडी घेतलीस."

काही जण हसले, सवयीने, आणि मग त्यांना कळेना हसू कुठे ठेवावं. डॉक्टरने विचारलं, "काय म्हणाले?" काकूंचा हात गालावर होता, तो तसाच राहिला. वर गॅलरीकडे मी बघितलं नाही.

मेहुणा हलला नाही. मांडीवरचं हेल्मेट त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं, पोरं पाण्यात चेंडू धरतात तसं. मग म्हणाला, "गेटपर्यंत ऐकू गेलं नाही."

"अरे…"

"नियम तुमचाच आहे, भाऊजी. परत सांगा."

मी श्वास घेतला आणि सांगितलं. गेटाकडे तोंड करून, पूर्ण, पहिल्यापासून, हॉस्पिटलच्या बाकापर्यंत, तिथे काय बोललो तिथपर्यंत. वॉचमन उभा राहिला. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. आवारात फक्त नळाचा थेंब आणि मी.

संपलं तेव्हा मेहुण्याने शिट्टी तोंडाशी नेली. नेली आणि खाली घेतली.

"ती कॉफी," तो म्हणाला. "मी संपवली होती का?"

हे त्याने मला आधी कितीदा विचारलं होतं, आणि दर वेळी मी सांगितलं होतं, संपवलीस की, आणि मग चावी हिसकावलीस.

"नाही," मी ओरडून सांगितलं, कारण गेटापर्यंत जायला हवं होतं. "अर्धी राहिली. कप कठड्यावर ठेवलास आणि माझ्यामागे धावलास. हसत होतास."

त्याने मान हलवली, एकदा, हळू. खाली हेल्मेटकडे बघितलं, त्याच्या काचेवरून अंगठा फिरवला. मग शिट्टी परत उचलली आणि वाजवली. आधीच्या दोन फेऱ्यांना वाजवली होती तेवढीच, तशीच. मी गुडघे हनुवटीशी घेऊन तिचाकीवरच बसून होतो. वर गॅलरीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यावरून कुणीतरी खाली उतरू लागलं, पायात चप्पल न घालता.